खालचा मणी

द्राक्षाचा घोस हातात आला की अण्णा तो उलटा करून बघत नसत. घोस देठाला धरून उंच करायचे आणि स्वतः वाकायचे. रुसलेल्या पोराचं तोंड बघायला आपण वाकतो, तसे. मग अगदी टोकाला लोंबणारा एक मणी तोडून जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे.

गाडीवाला ओरडायचा, "पावणं, वरचा खावा की! वरचा साखर हाय साखर!"

"वरचा ग्वाडच असतोय. त्यो चाखाय कशाला लागतोय?" अण्णा म्हणायचे. "खालचा मणी काय म्हणतोय ते बघायचं."

टोकाचा मणी सगळ्यात शेवटी पिकतो, म्हणून तो गोड तर घोस गोड. एवढं साधं गणित, पण मंडईत ते करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तुम्हीही असं कोणी पाहिलं असेल तर भाग्यवान आहात.

अण्णा कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात रसाचे नमुने घ्यायचे. तासातासाला बाटली घेऊन चरकाशी येणार, रस भरणार, बोट बुडवून चाटणार आणि एक आकडा पुटपुटणार. पुढे तपासणीच्या खोलीत यंत्र जवळपास तोच आकडा सांगायचं. मी तिथंच चरकाला तेल-ग्रीस द्यायच्या कामावर होतो. सातवीतून शाळा सुटलेली, घर वाशीमकडं, वय बावीस. कामावरून काढतील, ही भीती मला कामावर लागल्या दिवसापासून होती. पुण्यापलीकडचं सगळं नागपूर, असा तिथला समज असल्यामुळे मशीनघरात माझं नाव 'नागपूर' पडलं होतं. "ए नागपूर, तेल घाल की!" मी हसायचो, पण माझं बोलणं ऐकून कोणी फिदीफिदी केलं की दिवसभर गप्प राहायचो.

अण्णांशी ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळं. पहिल्या वर्षी शिमग्याला घरी जायचं म्हणून मी द्राक्षं घेतली. स्वस्त मिळाली, कारण आंबट होती. आमच्याकडं आंबा माहीत. मी ती द्राक्षं खोलीत कॉटखाली गवतात अढी घालून ठेवली. चार दिवसांनी गोड होतील म्हणून रोज हात घालून बघायचो. पाचव्या दिवशी धुवून, पुसून, पत्र्याच्या पेटीत भरली. मनमाडच्या आधीच पेटीतून रस गळायला लागला. डब्यातले लोक म्हणाले, दारू नेतोस काय रे. घरी पेटी उघडली तर वास अंगणापर्यंत गेला. त्यातूनही सणाला माहेरी आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनं चार मणी शोधून काढले आणि डोळे मोठे करून खाल्ले. द्राक्ष तिनं त्याआधी पाहिलंच नव्हतं.

ही हकीकत मी मशीनघरात सांगितली. सगळे पोट धरून हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत. बाटलीला बूच लावत म्हणाले, "आरं, आंबा न्हवं ते. येलीवनं उतरलं की द्राक्षाची शाळा सुटली. पुढं काय शिकत न्हाय ते."

माझा चेहरा पडला असावा. दारापर्यंत जाऊन ते परत आले.

"तू कशाला तोंड पाडतोस? तू काय द्राक्ष हाइस व्हय? सांजच्याला घरी ये."

त्यांचं घर मंगळवार पेठेत होतं. जैन घर. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकलेली असायची. मी गेलो तेव्हा ते हात धुऊन, एक छोटी कात्री घेऊन मधल्या खोलीत निघाले होते. ती खोली अंधारी, थंड. भिंतीला आठ खिळे, त्यांवरून ताणलेली सुतळी आणि सुतळीला देठानं बांधलेले आठ घोस. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही.

"हात लावू नगंस," ते म्हणाले. "वरची पांढरी लव दिसत्या न्हवं? ते त्याचं अंगडं. पुसलं की गेलं. धुवायचं ते तोंडात टाकायच्या आधी. तू तर अंघोळ घालून परगावाला पाठीवलास."

मग त्यांनी प्रत्येक घोसाखाली वाकून पाहणी सुरू केली. एखादा मणी मऊ पडला असेल, देठाशी तांबूस झाला असेल, तर तो कात्रीनं अलगद काढायचा, खिडकीकडं धरून आत किडा-मुंगी नाही ना बघायचं, धुवायचा आणि खायचा. बशीत तसे दहा-बारा मणी जमले. त्यातले मला दिले, पत्नीला दिले, उरलेले स्वतः खाल्ले.

"आज जाणारा आधी," ते म्हणाले. हे त्यांचं रोजचं वाक्य होतं.

त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, चुलीपुढून म्हणाल्या, "पावण्याला तरी चांगला द्या की हो! वीस वर्सं झाली, ह्या घरात द्राक्षं येत्यात. चांगला मणी कसा लागतोय ते मला इचारू नगंस बाबा. आज मऊ पडल्याला खायचा, तवर चांगला मऊ पडतोय. मग उद्या त्यो खायचा."

"वाया गेला का एक तरी?" अण्णांनी विचारलं.

"वाया आमीच गेलो."

मी मोठ्यानं हसलो. कोल्हापुरात आल्यापासून तसं हसलो नव्हतो.

पुढच्या वर्षी माघ संपता संपता घरून पत्र आलं. त्याच बहिणीला सहावा महिना होता. याआधी तिचं एकदा वाईट झालं होतं, आणि आता तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. आईनं कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, 'तिले द्राक्षाचे डोहाळे लागले. दुसरं काही मांगत नाही. तुह्या तिकडे भेटतात म्हणते.' वडील नव्हते. डोहाळे पुरवायचे ते माहेरानं, आणि माहेर म्हणजे आई आणि मी. पत्र मी खिशात घालून फिरलो. पुन्हा पेटी गळली तर काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. मी नेलेलं आंबलं आणि तिचं पुन्हा काही झालं, तर दोन्ही गोष्टी मी आयुष्यभर एकत्रच धरल्या असत्या. माझा स्वभाव तसा आहे.

गाळपाच्या दिवसांत रजा मिळणं कठीण. अण्णांनी साहेबांसमोर उभं राहून ती मिळवून दिली. काय बोलले ते मला सांगितलं नाही.

"द्राक्षं मीच घेनार," मी म्हणालो. आता त्यांचं पाहून मला येतं, असा माझा समज झाला होता.

"घे की. खालचा मणी बघ."

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे अवकाळी पाऊस पडून गेला होता. संध्याकाळी मी मंडईत गेलो. त्या काळात बिनबियांची द्राक्षं नुकती दिसायला लागली होती. एका गाडीवर टपोरे घोस होते. मी देठाला धरून घोस उंच केला, वाकलो, टोकाचा मणी चाखला. गोड. अकरा घोस घेतले आणि मिरवत अण्णांकडं नेऊन ठेवले. त्यांनी एका घोसाखाली वाकून बघितलं, जरा थांबले, आणि म्हणाले, "बरं हाय. सकाळी भरतो खोक्यात. तू पाळी करून ये, दुपारची गाडी हाय तुजी."

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून गेलो तर लाकडी खोका तयार. झाकणाला हवेसाठी भोकं, वर खिळे ठोकलेले.

"घोस एकेक कागदात गुंडाळल्यात, मधी वाळलं गवत हाय. घर येईपतुर उघडायचं न्हाय. आणि गाडीत मांडीवर घ्यायचं, बाकड्याखाली न्हाय. समजलं का, नागपूर?"

अक्का दारात उभ्या होत्या. मी दोघांच्या पाया पडलो.

रात्रभर आणि पुढचा दिवस खोका मांडीवर. मध्ये मध्ये नाक भोकाशी नेऊन हुंगायचो. अकोल्याला उतरून पुढं यष्टी. घरी पोचलो, खिळे उपसले, कागद सोडले. आठ घोस निघाले. हिरवे देठ, मण्यांवर पांढरी लव तशीच. जागा पुरली नसेल म्हणून अण्णांनी तीन काढले असतील, असं मला वाटलं. अख्ख्या खोक्यात पाच-सहा मणी मऊ पडले होते. मी ते वेचून खायला लागलो.

बहीण म्हणाली, "सडके काहून खातं रे तू? हा पाह्य ना, केवढा मोठा हाय!" आणि तिनं सगळ्यात वरचा, सगळ्यात मोठा मणी तोंडात टाकला. मग दुसरा. आई तिच्याकडं बघत होती. अर्धा घोस संपला तरी तिला उलटी झाली नाही. त्या संध्याकाळी तिनं भाकरी मागितली.

पुढं मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या.

परत आल्यावर मी थेट मंगळवार पेठेत गेलो. सगळं सांगितलं. माझी छाती फुगलेली. "मी निवडलेली द्राक्षं, अण्णा! दोन दिवस टिकली!"

"व्हय की. शिकलास."

मधल्या खोलीतली सुतळी रिकामी होती. "संपली?" मी विचारलं.

"ऊन लागलं न्हवं का आता," ते म्हणाले आणि विषय बदलला.

अण्णा निवृत्त झाले, मी कायम झालो, लग्न झालं, बावड्यात खोली घेतली. दरवर्षी पहिली द्राक्षं दिसली की एक घोस मी त्यांच्याकडं नेऊन द्यायचो. ते खाली वाकायचे, चाखायचे आणि म्हणायचे, "पास." शेवटच्या काही वर्षांत त्यांना वाकता येईना, तेव्हा घोस मी उंच धरायचो.

ते पावसाळ्यात गेले. पुढच्या माघात मी घोस घेऊन गेलो तेव्हा अक्का एकट्या होत्या. मी जुनं बोलायला लागलो, खोक्याचं, मांडीवरच्या प्रवासाचं, माझ्या निवडीचं.

"तुजी न्हवतीच ती," अक्का म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"तुज्या द्राक्षांनी पावसाचं पाणी पिल्यालं. चव ग्वाडच हुती. पर रात्रीत साली तडकल्या. सकाळी हे बघत बसलं. मग सुतळीवरचं आमचं आठ घोस उतरिवलं आणि भरलं. त्या वर्साला म्हणालं हुतं मला, औंदा पाडव्याला लेक नेसरीवनं येणार, एक अख्खा घोस वरनं खाली खायचा, मऊ पडायची वाट बघायची न्हाय. त्यो माजा घोस बी गेला." त्या हसल्या. "आठवडाभर तुजी तडकल्याली खाल्ली आमी. तुला सांगू नगंस म्हणालं. म्हणालं, भित्रं हाय, जायाचंच न्हाय मग ते."

मी आठ खिळ्यांकडं बघत राहिलो. अकरा घोस नेले होते, आठ निघाले होते. एवढं गणित मला इतकी वर्षं जमलं नव्हतं.

मी आणलेला घोस अक्कांनी पहिल्या खिळ्याला बांधला. कोनाड्यातली कात्री घेतली आणि सवयीनं खाली वाकून प्रत्येक मणी पाहिला. बराच वेळ पाहिला.

"आज जाणारा एक बी न्हाय," त्या म्हणाल्या. कात्री हातात तशीच राहिली.

मी वरचा, सगळ्यात मोठा मणी देठासकट तोडला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला. लव पुसू नये म्हणून देठालाच धरला, आणि तसाच धरून त्या किती तरी वेळ उभ्या राहिल्या.