अठरा इंचाची खुर्ची

पस्तीस वर्षं शिवणकाम करताना तिने लोकांची मापं घेतली, पण टेप घेऊन पबच्या दारात उभं राहायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"काकू, नवऱ्याला शोधताय का?" काउंटरवरच्या माणसाने हळूच विचारलं.

"तो घरी भांडी घासतोय. मला तुमची बाग बघायचीय."

तिचा मुलगा रंगारी. आठ महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला आणि पाय कायमचे गेले. तेव्हापासून चाकांची खुर्ची आणि पलंग ते खिडकी, एवढंच त्याचं जग. मागच्या आठवड्यात तो सहज म्हणाला, "झाडाखाली बसून एक ग्लास बिअर प्यावीशी वाटतेय." आठ महिन्यांत त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. बिअरच्या ज्या वासावरून तिने एके काळी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच्याच शोधात ती आता गल्ल्या पालथ्या घालू लागली. डॉक्टरांना मात्र आधी दोनदा विचारून घेतलं.

एका पबची बाग गच्चीवर निघाली, बावीस पायऱ्या. दुसरीकडे नुसती खडी, चाकं रुतणार. तिसरी बाग मनासारखी होती. फरसबंदी, डेरेदार झाड, फाटक तेवीस इंच. घरी खुर्ची मोजली होती, ती अठरा. म्हणजे चांगलं सैल!

शनिवारी दुपारी दोघं निघाली. खुर्ची फाटकात शिरली आणि अडकली. ना पुढे, ना मागे. बागेतली माणसं भलत्याच आदबीने दुसरीकडे बघायला लागली. शेवटी दोन वेटरांनी ओढून खुर्ची मागे काढली. मुलाचे कान लालबुंद झाले होते.

"घरी चल. मला पुन्हा कुठे नेऊ नकोस."

तिला वाटलं, हा आता खरंच उंबरा ओलांडायचा नाही. कोपऱ्यापर्यंत ती खुर्ची ढकलत राहिली. मग न राहवून म्हणाली, "माझंच चुकलं रे. मी बसायच्या जागेचं माप घेतलं. चाकं धरलीच नाहीत."

त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय म्हणून ती घाबरून पुढे धावली, तर पठ्ठ्या हसत होता.

"आई, अगं, पँट शिवतेयस का माझी?"

"हस. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

त्याने डोळे पुसले. "नदीकडच्या पबला मागून मोठं फाटक आहे. बिअरची पिंपं तिथूनच आत नेतात. मीच रंगवलंय ते."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठे? टेप घेतलीस आणि सुटलीस."

नदीकडच्या पबच्या मालकाने त्याला लगेच ओळखलं आणि फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. झाडाखाली टेबल होतं. मुलाने पहिला घोट घेतला, डोळे मिटले. उन्हात जास्त वेळ बसायला नको, असं आईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

तो फाटकाकडे निरखून बघत होता. "शेठ, खालून पोपडे सुटलेत."

"सोमवारी आम्ही बंद असतो," मालक म्हणाला. "येतोस का?"

आई टेबलावर पुढे झुकली.

"येतो. पण खुर्चीतून जिथे हात पोचणार नाही, ते तुम्ही रंगवायचं!"