मठ दाखवायला नेलेलं स्थळ

आमच्या गावाबाहेर तापीकाठी एक पडका मठ आहे. दगडी चौकट, अर्धी भिंत, ओळीने पाच बुटक्या खोल्या आणि छपराच्या जागी आभाळ. हल्ली सुट्टीच्या दिवशी गाड्या भरभरून माणसं येतात, चौकटीत उभी राहून फोटो काढतात आणि आम्हाला विचारतात, "कोणी बांधला हो?" गंजक्या फलकावर फक्त मोडतोड करू नका म्हणून दम दिलाय. मठ कुणाचा, कधीचा, यावर चकार शब्द नाही. म्हातारी माणसं पांडवांचं नाव सांगतात. आमच्याकडे दगडावर दगड दिसला की पांडव हजर! त्या बिचाऱ्यांना वनवासात दुसरा काही उद्योगच नव्हता जणू.

मला मुलगा बघायला आला तेव्हाची गोष्ट. मी सातपुड्यातल्या पाड्यांवर पक्क्या सरकारी नोकरीत नर्स होते. तळोद्याहून खचाखच भरलेल्या जीपमध्ये लसींचा डबा मांडीवर घेऊन जायचं, पुढे पायी चढायचं. कंबर मोडायची, पण त्या नोकरीत माझा जीव होता. लग्नानंतर सोड म्हणाले म्हणून दोन स्थळं मीच घालवली होती. तिसऱ्याला तोंडावर विचारायचं आणि तोही सोड म्हणाला तर खाल्लेले पोहे परत मागायचे, असं मी ठरवलं होतं.

तिसरा कळसाडीचा, शाळेत मास्तर. पोहे झाले आणि कुणीतरी म्हणालं, "पोरा-पोरीले जरा बोलू द्या." पण कुठे? घरात बायका, ओट्यावर पुरुष, गच्चीवर पोरंटोरं. शेवटी मठ ठरला. लक्ष ठेवायला सोबत माझा मामा. "मी लांबच ऱ्हासू," म्हणाला. लांब म्हणजे तीन हात.

चौकटीतून आत पाऊल टाकलं आणि मास्तर सुरू झाला. "हा यादवकाळातला असावा. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारे व्यापारी इथे मुक्कामाला थांबत. साधू त्यांना पाणी पाजत, आजाऱ्याला औषध देत..."

"मला एक विचारायचं होतं," मी म्हटलं.

"विचारा ना! ही खोली बघा आधी. दार मुद्दाम बुटकं ठेवलंय, आत जाणाऱ्याची मान आपोआप वाकावी म्हणून." हे दाखवायला स्वतः आत शिरला आणि मानच वाकवली नाही. दाणकन कपाळ आपटलं! मी रुमाल ओला करून टेंगळावर दाबून धरला, तरी याचं तोंड चालूच. त्यात मामा पुढे सरसावला. "यादव कोठला? पांडवस्नी बांधेल शे!" मग दोघांची जुंपली. एक रुमाल धरून भांडतोय, दुसरा धोतर सावरून. लग्न माझं की मठाचं, तेच मला कळेना.

माझं डोकं फिरलं. "खड्ड्यात गेला मठ!" मी ओरडले. "मी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. चालेल का, एवढं सांगा!"

खोलीतली वटवाघळं भर्रकन उडाली. मास्तर एका दगडावर बसला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही सोडणार तर नाही ना, हेच मला विचारायचं होतं. धीर होईना, म्हणून मठ सांगत बसलो."

मग सगळंच बाहेर आलं. त्याची नोकरी तासिकेवरची, दर वर्षी जूनमध्ये पुन्हा ठेवतील की नाही याची धाकधूक. पण वडिलांनी बजावलं होतं, "पक्की शे, इतलंच सांग."

"आणि हा इतिहास?"

"काल मोबाईलवर वाचला. तो बहुतेक दुसऱ्याच मठाचा आहे."

मला हसू आवरेना. माणूस मनात भरला होता, खोटं कशाला बोलू? पण इथे आम्ही तिघंच होतो. घरी ओट्यावर त्याचे वडील बसले होते, आणि परतताना याची पावलं जड होत चालली होती.

वडिलांनी आल्या आल्या निकाल दिला. "पोर पसंत शे. फक्त लगीन झायं की नोकरी सोडनी. आमना पोऱ्यानी पक्की शे, सूनले नोकरी कसाले पाहिजे?"

ओट्यावर सगळे माना डोलावू लागले. मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिला. मला राग आला. मी पोह्यांच्या ताटल्या गोळा करायला लागले. संपलं, म्हटलं. हाही तसलाच.

"दादा," मागून मास्तरने वडिलांना हाक मारली. आवाज चांगलाच कापरा होता. "मन्ही पक्की नही शे. तिनी पक्की शे. कोनले सोडनी पडनी, ते मी सोडसू."

वडिलांची चहाची बशी ओठांपाशीच थांबली. मी ताटल्या खाली ठेवल्या आणि आईला मोठ्यांदा म्हटलं, "माय, मन्हा होकार शे." मला अजून कुणी विचारलंच नव्हतं.