सतरा डबे आणि एक पांढरा कॅनव्हास

माझा दादा पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि हौसेसाठी साबण. म्हणजे साबणाचं वेष्टन, टूथपेस्टची ट्यूब, काडेपेटी. सगळं दरवाजाएवढं मोठं आणि भडक. ही काय चित्रं झाली, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी मात्र त्याच्या बाजूने तावातावाने भांडायचे, कारण दुसरं कुणी भांडणारं नव्हतंच.

मग त्याने एक जुना मूव्ही कॅमेरा आणला आणि डोक्यात खूळ घेतलं. कॅनव्हास एकच ठेवायचा. ब्रशचे चार फटकारे मारायचे, कॅमेऱ्याची कळ एकदा दाबायची, पुन्हा चार फटकारे. चित्र पुरं झालं की त्याच्यावरच दुसरं. पडद्यावर साबणाची हळूहळू काडेपेटी होणार, काडेपेटीची ट्यूब. पण सगळं संपेपर्यंत पडद्यावर काहीच दाखवायचं नाही, हा त्याचा हेका. एकवीस वर्षांत तो कॅनव्हास गादीसारखा जाड झाला. कुणी चित्र विकत मागितलं, तर चित्रं डब्यात आहेत म्हणून सांगायचा.

डबे माझ्याकडे असायचे. त्याच्या खोलीला ओल, म्हणून लॅबमधून धुऊन आलेली रिळं माझ्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. ओल लागू नये म्हणून मी प्रत्येक झाकणाच्या कडेने मेणबत्तीचं मेण ओतायचे, वर चिकटपट्टी. हवेला शिरायला फट म्हणून ठेवली नाही. या कामाचा मला केवढा अभिमान होता!

गेल्या वर्षी दादाचे हात थरथरायला लागले. पुढच्या चित्रासाठी कॅनव्हास पांढरा करून ठेवलेला, तो तसाच राहिला. तेव्हा कुठे तो म्हणाला, चल, आता बघू या.

जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे आम्ही डबे नेले. त्यांनी सुरीने मेण खरवडून पहिलं झाकण काढलं आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणीच आलं. आत वेडावाकडा, चिकट गठ्ठा. बाईंनी टोक सोडवायला घेतलं, तर त्याचा चुरा झाला. फिल्म जुनी झाली की तिच्यातूनच आम्ल सुटतं, त्यांनी समजावलं, आणि ते बाहेर जाऊ दिलं नाही तर ते फिल्मलाच खातं. साध्या, सैल झाकणाच्या डब्यांत बरीचशी वाचली असती. सतराही डब्यांत तोच वास.

"एवढं घट्ट कुणी बंद केलं?" बाईंनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला.



घरी आल्यावर तो त्या पांढऱ्या कॅनव्हाससमोर स्टूल ओढून बसला. मी रडत म्हटलं की मेण मी ओतलं, तू कशाला अंगावर घेतलंस. त्याने ते ऐकलंच नाही बहुतेक.

"तुला कुठली कुठली आठवतात?" त्याने विचारलं. "तू तर बघितलीस ना सगळी. सांग, मी ऐकतो."

"साबण, काडेपेटी, ट्यूब," मी म्हटलं.

"हं. आणि त्यानंतरचं?"

एकवीस वर्षं मी त्याच्या खोलीत जात होते, डबा घ्यायला. दारातूनच घेऊन परत फिरायचे, माझी घरी कामं पडलेली असायची. तो माझ्याकडे बघत थांबला होता आणि मला त्यानंतरचं एकही चित्र आठवत नव्हतं.