दावाताई

आमच्या आशाताईंचा माणसाच्या तोंडावर काडीचा विश्वास नव्हता. एखाद्या गरोदर सुनेनं म्हणावं, "ताई, लोहाच्या गोळ्या घेतल्या," की यांचं ठरलेलं, "सांगू नगा, दावा." मग गोळ्यांचं पाकीट आणायचं. ते रिकामं निघालं तरी सुटका नव्हती. "पाकीट काय, कोंबडीबी रिकामं करती," म्हणायच्या आणि समोर उभ्या राहून एक गोळी गिळायला लावायच्या.

त्यांचं खरं नाव मंदा. पण गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना 'आशा' म्हणतात, म्हणून त्या आशाताई. आमच्या वेल्ह्याकडच्या वाडीनं त्यांना आणखी एक नाव ठेवलं होतं. आमच्याकडं 'दाखवा'ला 'दावा' म्हणतात. कोर्टात लावतात तोही दावाच, आणि ताई दारात आल्या की घरात समन्स आल्यासारखीच पळापळ व्हायची. म्हणून दावाताई. हे नाव त्यांच्या पाठीमागं घ्यायचं असे. मी एकदा चुकून तोंडावर घेतलं. त्या म्हणाल्या, "सर, जीभ दावा." मी दाखवली. पुढं दहा मिनिटं मला पित्तावर उपदेश ऐकावा लागला.

त्यांचा मोजमापाचा रिवाज स्वतःचा होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या गळ्यात ऑक्सिजन मोजायचा चिमटा दोरीनं बांधलेला असायचा, पण चिमट्यावरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. माणसाचा दम पाहायला त्या त्याला एका श्वासात काहीतरी म्हणायला लावायच्या. पोरांना पाढा, बायकांना नवऱ्याच्या भावंडांची नावं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांना थांबे म्हणायचे असत, वेल्ह्यापासून कापूरहोळपर्यंत, मधल्या फाट्यांसकट, न थांबता. अण्णा छाती फुगवून गाडी सोडत आणि थेट कापूरहोळला आणून उभी करत. "सत्तरीत हाय, पर गाडी फिट हाय," असा ताईंचा शेरा पडला की अण्णा दिवसभर खूष.

आता माझ्याकडं वळतो, कारण या गोष्टीतला गाढव मीच आहे.

मी भोरला शाळेत इंग्रजी शिकवतो. त्या वर्षी शाळा बंद होत्या, बायको वैशालीला आठवा महिना लागलेला, तिच्या माहेरी घरातच दोघं आजारी. म्हणून तिला घेऊन मी वाडीवर येऊन राहिलो. भाताची लावणी सुरू होती. लाट ओसरली असं सगळे म्हणत होते, पण भीती कुठं ओसरली होती? खालच्या आळीतला माझ्याच वयाचा एक माणूस अँब्युलन्समध्ये स्वतःच्या पायानं चढला होता आणि परत आला नव्हता. तेव्हापासून रस्त्यावर हॉर्न वाजला तरी वाडीतली दारं लागत. खोकला आला तर लोक उशीत तोंड खुपसून खोकत, शेजारी ऐकू नये म्हणून.

अशात मी निकालाच्या कामासाठी एक दिवस भोरला जाऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी कळलं, माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे सर पॉझिटिव्ह. त्याच संध्याकाळी अण्णा खोकले. एकदाच, पण वैशालीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी तिच्या पोटाकडं.

दवाखान्यात जावं तर 'नेतील' ही भीती. तेव्हा घरच्या घरी तपासायची किट नुकतीच औषधांच्या दुकानांत आली होती. सकाळी मोटारसायकल काढली. भोरमधलं पहिलं दुकान म्हणालं, संपली. दुसरं म्हणालं, आलीच नाहीत. तिसऱ्यानं मला ओळखलं, माझाच विद्यार्थी. "सर, उद्या या," म्हणाला आणि हळूच दोन पावलं मागं सरकला. त्याचं ते मागं सरकणं पाहून मला घाम फुटला. शेवटी कापूरहोळला एका पंक्चरवाल्याच्या शेजारच्या मेडिकलमध्ये किट मिळाली. दोनच खोकी उरली होती. वैशालीसाठी तिसरं नाही. शर्टाच्या आत खोकी घालून मी पावसातून परत निघालो. सगळ्या वाटेनं माझा घसा दुखत होता. नंतर कळलं तो रेनकोटच्या घट्ट बटणानं.

दोन्ही खोक्यांत माहितीचं पत्रक होतं, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. पावसानं दोन्हींच्या खालच्या घडीचा चिकटून लगदा झाला होता. वरचं मी ओसरीवर उभं राहून वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, अर्थ सांगितला. नाकात काडी कशी फिरवायची, थेंब किती टाकायचे, सगळं चोख. निकाल कसा वाचायचा ते लगद्यात गेलं होतं. पण इंग्रजीच्या मास्तराला लगदा अडवतो का? पट्टीवर दोनच अक्षरं होती, सी आणि टी. सी म्हणजे कोरोना, हे शेंबडं पोरही सांगेल. टी म्हणजे काय? मी जरा डोकं खाजवलं आणि प्रकाश पडला. टी म्हणजे टर्मिनेटेड. कोरोना टर्मिनेटेड, म्हणजे येऊन संपला.

पंधरा मिनिटांनी पाहिलं. माझ्या पट्टीवर सीपाशी एकच रेघ. अण्णांच्या पट्टीवर सी आणि टी, दोन्हीकडं.

मला चालू कोरोना होता. अण्णांना होऊन गेला होता. वैशालीला मी ओरडून सांगितलं, "माझ्याजवळ येऊ नकोस." गोठ्यामागच्या पेंढ्याच्या खोलीत अंथरूण टाकलं. खबरदारी म्हणून अण्णांना बाहेरच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, त्यांना मी मोठ्या मनानं मोकळं केलं. "अण्णा, तुम्ही बरे झालात. आत स्वयंपाकघरात शेकत बसा. वैशालीला सोबत होईल." अण्णा चुलीजवळ जाऊन बसले. सून पाटावर, सासरा शेजारी. मी पेंढ्यात पडून दोघांचा आवाज ऐकत होतो आणि माझ्या त्यागानं माझेच डोळे भरून येत होते.

निकाल मोबाईलच्या अॅपवर कळवायचा होता. पट्ट्यांचे फोटो काढले, पण वाडीत रेंज कुठली? अॅपमधलं चक्र तासभर फिरत राहिलं. मग टेकाडावर जाऊन ताईंना फोन लावला. ज्यांचं अॅप चालत नसे त्यांचे निकाल त्या लिहून घेत आणि आरोग्य केंद्राला कळवत.

"ताई, मी पॉझिटिव्ह आहे. अण्णा निगेटिव्ह."

"पट्टी दावा."

"फोनवर कशी दाखवू? मी सांगतोय ना."

"सांगू नगा."

"अहो, मी इंग्रजी शिकवतो."

"त्ये ठेवा बाजूला. पट्ट्या कुटं हायेत?"

"निर्जंतुक करून चुलीत घातल्या. फोटो आहेत."

"म्या सकाळच्याला येते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला राग आला. मरणाच्या दारात असलेल्या माणसावरही या बाईचा विश्वास नाही.

रात्र पेंढ्यात काढली. श्वास मोजला की कमी भरायचा, मोजला नाही की बंद पडल्यासारखा वाटायचा. वैशालीला लिहायच्या चार ओळी मी मनात तयार केल्या. त्यांतलं व्याकरणसुद्धा तपासलं.

सकाळी ताई छत्री घेऊन अंगणात आल्या. बांधावरून चालत आल्यामुळं गुडघ्यापर्यंत चिखल. मी मोबाईल दगडी गडग्यावर ठेवला आणि दहा पावलं मागं झालो. त्यांनी फोटो पाहिला, बोटांनी मोठा केला, पुन्हा पाहिला.

"ही पट्टी कुणाची?"

"अण्णांची."

"ही वरची रेघ कशाची?"

"कोरोनाची."

"आन ही?"

"टर्मिनेटेडची."

"आसं कोण म्हणलं?"

"मी."

त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "सर, सीची रेघ समद्यांनाच येती. पट्टी चालू हाय एवढंच ती सांगती. टीची रेघ म्हंजे रोग. तुमाला काय झालं न्हाई. अण्णा कुटं हायेत?"

"स्वयंपाकघरात."

"आन वैनी?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाइतकं भयंकर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

ताईंनी पिशवीतून दुसरा मास्क काढून पहिल्यावर चढवला आणि आत शिरल्या. "वैनी, तवा ऱ्हाऊ द्या, मागच्या दारानं भाईर या," एवढंच म्हणाल्या. अण्णांच्या बोटाला चिमटा लावला. अण्णा हसत होते. "मला काय धाड भरलीय? मी बरा झालोय, पोरानं सांगितलं." चिमट्यावर शहाऐंशी आलं. ताईंनी तो काढून स्वतःच्या बोटाला लावून पाहिला आणि पुन्हा अण्णांना लावला. शहाऐंशी.

"अण्णा, गाडी सोडा बरं."

अण्णांनी छाती फुगवली. "वेल्हे," म्हणाले. मग विंझर म्हणाले. मग थांबले आणि श्वास घेतला. आम्हा दोघांकडं पाहून ओशाळं हसले, गाडी चढावर बंद पडावी तसे. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

पुढचं सगळं ताईंनी केलं. टेकाडावर जाऊन अँब्युलन्सला फोन केला. ती यायला दोन तास लागतील म्हटल्यावर खालच्या आळीतली जीप आणवली, खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या, भोरच्या सरकारी दवाखान्यात खाट आहे का ते विचारून घेतलं. मी नुसता इकडून तिकडं फिरत होतो. पिशवी भरायला सांगितली तर तिच्यात अण्णांचं काही न घालता खडूचा डबा भरला.

जीप यायच्या आत त्यांनी वैशालीला परसात पायरीवर बसवलं. त्यांच्या पिशवीत एक किट होतं, आरोग्य केंद्रानं त्यांना स्वतःसाठी दिलेलं. ते त्यांनी फोडलं. "तुमचं तुमाला ऱ्हाऊ द्या, ताई," वैशाली म्हणाली. "मला काय हुतंय. नाक वर करा," ताई म्हणाल्या.

त्या पंधरा मिनिटांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. सीची रेघ आली. मी टीच्या कोऱ्या जागेकडं पाहत होतो. टक लावून पाहिलं की तिथं गुलाबी काहीतरी दिसायचं, पापणी मिटली की जायचं. वैशालीनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि ती पट्टीकडं न पाहता माझ्या तोंडाकडं पाहत होती, निकाल तिथं वाचता येईल म्हणून. पंधरा मिनिटं झाली. ताई म्हणाल्या, "न्हाई." मग लगेच, "पर आज न्हाई म्हंजे न्हाईच आसं न्हवं. पाच दिसांनी परत बघायचं. तवर तुमी दोघं येगळं ऱ्हावा."

जीप आली. अण्णांना मागं बसवलं. दार लावताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. धाप लागली होती, तुटक बोलत होते. "आरं, काल तर बरा झालो म्हणालास?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचंच होतं. पण ताई मध्ये आल्या.

"अण्णा, रेघ उशिरा उठली. सरांनी बघितली तवा नव्हती. पावसाळी हवा, पट्टी सर्दाळती. आमच्याकडंबी हुतंय आसं."

अण्णांनी मान हलवली. "व्हय, हवा लई दमट हाय," म्हणाले आणि माझा हात धरून मला शेजारी ओढून घेतलं.

अण्णा अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. पाचव्या दिवशी ताईंनी कुठून तरी दुसरं किट मिळवून वैशालीला पुन्हा तपासलं आणि टेकाडावरून मला फोन केला. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. "न्हाई," म्हणाल्या. मी जिन्यातच बसलो. एक वॉर्डबॉय मला ओलांडून गेला. अशा ठिकाणी रडणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

अण्णा घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. मुलगी झाली, तीही सुखरूप. ताई तिचं वजन करायला यायच्या. झोळीचा काटा आढ्याला टांगायच्या आणि मला म्हणायच्या, "वाचा, सर." मी वाचायचो. मग चष्मा लावून स्वतः वाचायच्या. यात अपमान वाटून घ्यायचा माझा हक्क संपला होता.

अण्णा पुढं जवळजवळ तीन वर्षं जगले. फुप्फुसं पुरती सुधारली नाहीत. आंघोळ, जेवण, अंगणातली फेरी, सगळं माझ्या आधारानं. वैशालीनं केलेली पेज ते तिच्या हातून घेत नसत. "पोरगा देईल," म्हणत. आल्यागेल्याला माझं कौतुक सांगत. दुकानं पालथी घालून यानंच किट आणलं, याच्यामुळं वेळेवर कळलं, म्हणत. मी समोर बसून ऐकायचो. कितीदा वाटलं सांगून टाकावं. धीर झाला नाही. गेल्या वर्षी अण्णा गेले, ते न कळताच गेले.

ताईंचे गुडघे गेल्यानं त्यांनी काम सोडलं आणि सारोळ्याला लेकीकडं राहायला गेल्या. अण्णांचे दिवस झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. नदीच्या अलीकडं लेकीचं छोटं घर, पुढं भाजीचे वाफे. ताई खुर्चीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी दोन-चार इकडचं तिकडचं बोललो, मग विचारलं, "ताई, जन्मात कुणाचं खोटं चालवून घेतलं नाहीत. त्या दिवशी अण्णांना खोटं का सांगितलंत?"

ताईंनी हातातली शेंग फोडून दाणे काढले.

"तवा त्ये वाचत्याल का न्हाई, ठावं नव्हतं," त्या म्हणाल्या. "वाचलं तर पुढं त्येन्ला तुमच्याच हातचं खायचं हुतं."