कावळा शिवला, पण आई नाही म्हणते

मंडळी, आज सकाळी भूमला नदीवर वडिलांचा दहावा झाला. समोरच नव्या बागेचं काम चालू आहे. पायी जायच्या पुलाचे खांब उभे राहिलेत.

पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. आईला सांभाळीन, बहिणीचं लग्न करीन, सगळं बोलून झालं. कावळे खांबावरच बसून होते.

चुलते म्हणाले, "आरं, त्याला पुलाचं लई होतं. बायकोला पुलावरनं बागेत नेणार म्हणायचा. लवकर होईल म्हण की."

मला ते म्हणता येईना. पूल कधी होईल हे मला माहीत नाही. पिंडासमोर खोटं कसं बोलायचं? शेवटी म्हणालो, "अण्णा, पूल होईल तेव्हा होईल. आईला मी घेऊन जाईन."

कावळा आला. लोक उठून चपला शोधायला लागले. मला रडू आलं नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "ते न्हाईत, तर मला काय करायचीय बाग? मी न्हाय येणार."

मी शब्द देऊन बसलोय. तुम्ही माझ्या जागी असता, तर आईला काय म्हणाला असता?