खटक्यांना लावलेलं कुंकू

मच्छे गावातल्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर होतो, तिथं खंडेनवमीला घरच्यांना आत यायची मुभा असायची. ओतकामाचा कारखाना. एरवी फाटकावरचा पहारेकरी सख्ख्या भावालाही आत सोडायचा नाही. त्या दिवशी मात्र बायका नव्या साड्या नेसून लेथ बघत फिरायच्या, पोरं क्रेनखाली उभी राहायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या मशीनची पूजा करायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा कॉम्प्युटर कपाटाएवढा होता, एका कंपनीनं पुष्कळ वापरून मग विकलेला.

त्या वर्षी मी आईला नेलं. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. वडगावातल्या घरात त्यांचा हातमाग होता, तो पुढं आईनंच चालवला. त्याच मागावर माझा डिप्लोमा झाला. पण खंडेनवमीला त्या मागाला कुंकू लावायला शेजारची काकू यायची. आई ताट तयार करून द्यायची आणि दाराशी उभी राहायची. हे मी वर्षानुवर्षं बघितलं आणि एकदाही तोंड उघडलं नाही. कारखान्यात तिला नेण्यामागं ते होतं. घरी जे बोलायला जमलं नाही, ते इथं, परक्या लोकांत, जमेल असं वाटलं.

कॉम्प्युटरच्या थंड खोलीच्या दाराशी तिनं चपला काढल्या. मी ताट तिच्यापुढं धरलं.

"तू लाव, आई."

तिनं हात मागं घेतला. "मी? अरं, बाहेर एवढ्या बायका हाईत की."

"मशीन माझं हाय. तूच लावायचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं बोट कुंकवात बुडवलं. घरी मागाच्या एकेका भागाला काकू कसं लावते हे तिला पाठ होतं. धोट्याला, फणीला, पावड्यांना. तसंच तिनं इथंही केलं. मशीनच्या त्या कपाटाच्या पुढच्या बाजूला स्विचच्या खटक्यांची एक लांब ओळ होती. तिनं एकालाही वगळलं नाही. बोट नीट टेकवून, दाबून, एकेकाला लावत गेली. माझं तिच्या बोटाकडं लक्षच नव्हतं. मी तिचं तोंड बघत होतो. शेवटी तिनं झेंडूची माळ घातली, ती बरोबर त्या ओळीवरून लोंबली.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीज दिली, डिस्क फिरायला लागली, सुरू करायची चावी दाबली आणि कन्सोलसमोर बसलो. कन्सोल म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. कॉम्प्युटर जागा झाला की त्याच्यावर हिरव्या अक्षरांत पहिल्यांदा तारीख विचारायचा. त्या दिवशी विचारली नाही. पडदा कोरा, कोपऱ्यात नुसती एक खूण लुकलुकत होती.

पुन्हा चावी दाबली. काही नाही.

माल पाठवायचे कागद अडले तसे स्टोअरचे अण्णा दारात आले. वयानं मोठे, बोलायला तिखट.

"काय रं, उठंना व्हय तुझं?"

"बघतोय, अण्णा."

"बघ की. पण एक इचारू? परवा पूजा कुणाच्या हातनं केलीस?"

मी आणखी एकदा चावी दाबली.

"मी काय म्हणत न्हाय बाबा. रीत असतीया, एवढंच." ते गेले.

खोटं लिहून काय मिळणार आहे? त्या क्षणी मला आईचा राग आला, मग स्वतःचा. तिनं एवढं मागं-मागं केलं होतं, मीच कशाला भरीला घातलं, असं वाटलं. मशीन उठलं नाही तर दुपारच्या चहापर्यंत साऱ्या कारखान्यात एकच बोलणं होणार होतं आणि ते फिरत फिरत वडगावला पोचणार होतं. मग आई पुन्हा कधीच कुंकवाच्या ताटाला शिवणार नव्हती. मला भीती वाटत होती ती ह्याची.

मी कन्सोलच्या मागं वाकलो. अक्षरं पाठवायचा वेग ठरवणारी बारीक बटणं जागच्या जागी होती. केबल कॉम्प्युटरच्या टोकाला सोडवली आणि तिच्या टोकातल्या दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडल्या. आता मी टाइप केलेलं अक्षर केबलमधून जाऊन तसंच परत यायला हवं होतं. आलं. म्हणजे कन्सोल ठीक, केबलही ठीक. पलीकडचा कॉम्प्युटरच बोलत नव्हता.

पूजेची माळ सुकेपर्यंत काढायची नाही असा आमच्याकडं रिवाज. तिला मी सकाळपासून हात लावला नव्हता. आता उचलली. खटक्यांवर कुंकू वाळून बसलं होतं आणि झाडून सगळे खटके खाली होते.

वीज गेली की ह्या मशीनला काही आठवत नाही. उठल्यावर पहिला प्रोग्राम कुठून उचलायचा, हे त्याला ह्या खटक्यांच्या वर-खाली असण्यावरून कळायचं. मशीन बसवायला आलेल्या माणसानं ते एकदा लावून दिले होते आणि नंतर कुणी कधी हलवले नव्हते, म्हणून मीही त्यांना विसरलो होतो. डिस्कवरून उचलायचं तर कोणते खटके वर असतात, तो आकडा आठवला. त्याप्रमाणे खटके वर केले, कुंकू न पुसता. चावी दाबली. पडद्यावर तारीख विचारली गेली.

अण्णांना मी सांगितलं, "दाबून कुंकू लावलं, खटके पडले. कुणीबी लावलं असतं तरी पडलेच असते." ते "व्हय का," म्हणाले आणि कागद घेऊन गेले. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

आईला सांगू नये असंच ठरवून घरी गेलो. पण ती मागावरून न उठताच म्हणाली, "चाललं का रं तुझं मशीन?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. खटके कसे असतात ते बोटं उभी-आडवी करून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे माझ्या बोटानं झालं."

"बोटानंच. दुसरं काय न्हाय."

तिचा हात मागावर थांबला होता. "कोण काय बोललं?"

"एकजण बोलला."

धोटा दोनदा इकडून तिकडं गेला.

"पुढच्या वर्षीबी मी येणार," ती म्हणाली.

"खरंच?"

"न्हाय आले तर त्याचंच खरं हुतंय की."