एका वल्ह्याचा टाक

ज्या देवाचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही, त्याची वाटणी कशी करायची, या विचाराने मी तेव्हा फार कष्टी असे. आमच्या देव्हाऱ्यात कुलदेवतांच्या चांदीच्या टाकांशेजारी तांब्याचं एक जुनं नाणं होतं, वाटीसारखं खोलगट. दातिवऱ्याच्या खाडीत सासऱ्यांच्या जाळ्यात आलेलं. दर सणाला चिंचेने उजळून त्यावरची तोंडं पार पुसली होती. दोन माणसं उभी आणि मध्ये काठी, एवढंच दिसे. सासरे म्हणायचे, "दोगं भाव हायेत. एकच वल्हं धरलंय."

ते गेले आणि त्यांच्या दोन मुलांचं होडीवरून बिनसलं. थोरले दीर आणि आमचे हे एका गावात राहून बोलेनासे झाले. मी रोज देवापुढे हात जोडायचे, पण वर कुणी ऐकतंय असं वाटेना. शेवटी चुली वेगळ्या झाल्या. आमच्यात अशा वेळी जुने टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकटा तसेच नवे घडवून घेतो. नमुन्यापुरते ते जावेने माझ्या पदरात घातले, तेव्हा आम्ही दोघी रडलो.

आम्ही दोघं टाक घेऊन गेलो, तर पालघरचा सोनार त्या नाण्यापाशी अडला. "तोंडच नाही, घडवू कुणाला?" दुकानात तारापूरच्या बांधकामावरचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी भिंग मागून घेतलं. म्हणाले, "परदेस का पुराना सिक्का है. एक राजा, दूसरा संत. बीच में क्रूस का डंडा है, दोनों ने पकड़ रखा है. चेहरे घिस गए, हाथ अभी बाकी हैं."

यांनी नाणं बराच वेळ तळहातावर धरलं. मग म्हणाले, "सोनारदादा, याचा दुसरा नको करू. बाकीचे पन परत दे."

आम्ही सरळ दिरांच्या दारात गेलो. ते जाळं सांधत बसले होते. वर न बघता म्हणाले, "आलास? सकाली भरतीला नाव काढू." त्या दिवशी जेवण एका चुलीवर झालं.

दोघे एकच हंगाम बरोबर गेले. पावसाळ्यात नाव वर ओढली आणि दिरांना कावीळ झाली. जाताना त्यांनी यांचं मनगट धरलं होतं. ती बोटं आम्हाला सोडवावी लागली. अबोल्यात गेलेल्या वर्षांची हळहळ अजून जात नाही. मी देवाकडे वर्षं मागत होते, त्याने एक हंगाम दिला. कमी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. किती द्यायचं ते त्यानेच ठरवावं. सोनाराच्या दुकानातले ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

नाणं मी आता नुसत्या पाण्याने धुते. तोंडं गेली ती गेली, हात तरी राहावेत.